इटालियन सहा देशांत आणि कन्नड एका राज्यात? हिशेब तसा नाही

सांगलीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा: "इटालियन भाषा पाच-सहा देशांत चालते, कन्नड मात्र एका राज्यापुरती आहे. या दोन भाषा नेमक्या कुठे कुठे बोलतात, आणि तुलना करायची तर कशी करायची? मला दोन्हींपैकी एक शिकायची आहे."

मी पुण्यात इटालियन शिकवते, भाषांतरं करते. माझं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं. घरची भाषा कन्नड, शाळा मराठी. इटालियन आणि कन्नड या दोन्ही भाषांचा प्रदेश जिथे संपतो अशा जागा मी जवळून पाहिल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात आकड्यांपासून करू. इटली साधारण ३ लाख २ हजार चौरस किलोमीटरचा देश, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा किंचित लहानच. लोकसंख्या ५ कोटी ९० लाखांच्या आसपास. कर्नाटकाचं क्षेत्रफळ १ लाख ९१ हजार ७९१ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६ कोटी ११ लाख. माणसांच्या हिशेबानं दोन्ही प्रदेश जवळपास सारखे. इटालियन मातृभाषा असलेले जगभरात सुमारे साडेसहा कोटी. भारतात कन्नड मातृभाषा नोंदवणारे २०११ मध्ये ४ कोटी ३७ लाख होते, आणि दुसरी-तिसरी भाषा म्हणून ती बोलणारे आणखी कोटभराहून अधिक. म्हणजे एक जगाची भाषा आणि दुसरी कोपऱ्यातली, असं काही नाही. दोन्ही भाषा मोठ्याच आहेत.

आता ते सहा देश. इटली, सॅन मारिनो, व्हॅटिकन आणि स्वित्झर्लंड या चार ठिकाणी इटालियन देशपातळीवर वापरली जाते. स्लोव्हेनियाचा किनारा आणि क्रोएशियाचा इस्त्रिया जिल्हा इथे तिला स्थानिक पातळीवर अधिकृत दर्जा आहे. यादी भारदस्त दिसते, पण नकाशा उघडून बघा. सॅन मारिनो हा ६१ चौरस किलोमीटरचा देश चारही बाजूंनी इटलीनं वेढलेला आहे. व्हॅटिकन तर रोम शहराच्या पोटात. स्वित्झर्लंडचा इटालियन बोलणारा भाग, म्हणजे तिचीनो हे राज्य आणि ग्राउब्युंडेन राज्याची दक्षिणेकडची चार खोरी, इटलीच्या लोंबार्दी प्रांताला खेटून आहे. स्लोव्हेनियाचा किनारा इटलीच्या त्रिएस्ते शहराला लागून आणि इस्त्रिया त्याच्या खाली. म्हणजे सहा देश असले तरी जमिनीचा तुकडा एकच, सलग. त्यावरून सरहद्दी गेल्या म्हणून तो सहा ठिकाणी मोजला जातो.

हेच माप कन्नडला लावून बघा. कर्नाटकाला सहा राज्यं लागून आहेत: महाराष्ट्र, गोवा, तेलंगणा, आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि केरळ. या सहाही राज्यांत कन्नड बोलणारी माणसं आहेत, आणि गोवा सोडला तर बाकी ठिकाणी ती बहुतांशी पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच आहेत. (गोव्यात वास्को, झुआरीनगर भागातले कन्नड लोक मुख्यतः कामासाठी आलेले.) भारतातली राज्यं वेगवेगळे देश असते तर कन्नड 'सात देशांत बोलली जाणारी भाषा' म्हणून मिरवली असती. देश मोजून भाषेचा पसारा कळत नाही, फक्त सरहद्दी कुठून गेल्या तेवढं कळतं. तुमच्या प्रश्नातली मुख्य गफलत इथे आहे, आणि ती फार जणांची होते.

या सरहद्दी कशा आखल्या गेल्या, त्यातही दोन्ही प्रदेशांची कहाणी बरीच मिळतीजुळती आहे. इटलीचं राज्य १८६१ मध्ये जाहीर झालं. रोम १८७० मध्ये आलं. त्रेंतो, त्रिएस्ते आणि इस्त्रिया पहिल्या महायुद्धानंतर. त्याआधी हा मुलूख सार्डिनिया, नेपल्स, पोप, ऑस्ट्रिया अशा अनेकांत वाटलेला होता. १८६० मध्ये नीस फ्रान्सला देऊन झालं होतं, कोर्सिका तर १७६८ मध्येच जेनोआकडून फ्रान्सकडे गेलं होतं. कोर्सिकाची बोली तोस्कानाच्या, म्हणजे फ्लोरेन्सकडच्या बोलीच्या अगदी जवळची, तरी आज तिथली राज्यभाषा फ्रेंच.

कन्नड मुलूखही असाच तुटलेला होता. म्हैसूरचं संस्थान, निजामाच्या राज्यातले गुलबर्गा, रायचूर, बिदर, मुंबई इलाख्यातले धारवाड, विजापूर, बेळगाव, कारवार, मद्रास इलाख्यातला दक्षिण कानडा, शिवाय कूर्ग. १९५३ मध्ये बळ्ळारी म्हैसूरला मिळालं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला बाकीचं एकत्र आलं. 'कर्नाटक' हे नाव १९७३ चं. जोडताना काही तुकडे बाहेर राहिले. कासरगोड केरळात गेलं. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा वेगळा काढून मुंबई राज्याला दिला, तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, कारवार कर्नाटकात राहिली, तर जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर महाराष्ट्रात. या सीमावादासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगानं पुढच्या वर्षी अहवाल दिला, तो महाराष्ट्रानं नाकारला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण भाषेची माणसं एका रेघेत उभी नसतात, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

फार मागे गेलं तर रेघ आणखी पुसट होते. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारात लिहिलेल्या 'कविराजमार्ग' या ग्रंथात कन्नडचा मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. दुसरीकडे श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी लेख कोरलेला आहे, आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत जुने कन्नड शिलालेख सापडतात. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम, यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेला लाखो मराठी माणसं त्यांच्याच दर्शनाला येतात.

आता आतल्या भागाकडे या. इटलीत सगळे इटालियन बोलतात, हे आज बरंचसं खरं आहे, पण ते अलीकडचं. भाषातज्ज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या हिशेबानं १८६१ मध्ये देशातली जेमतेम अडीच टक्के माणसं इटालियन बोलत होती. नंतरच्या अभ्यासकांनी आकडा वाढवला, तरी तो दहा टक्क्यांच्या आसपासच राहिला. बाकीचे नापोलीची, सिसिलीची, व्हेनेतोची, पिएमोंतेची आपापली बोली बोलत. आपण ज्याला इटालियन म्हणतो ती फ्लोरेन्सच्या जुन्या लेखनभाषेवर उभी राहिली. ती घराघरांत पोहोचली शाळा, सक्तीची लष्करी नोकरी, दक्षिणेतून उत्तरेच्या कारखान्यांकडे गेलेली माणसं आणि १९५४ मध्ये सुरू झालेलं टीव्ही प्रसारण यांच्या जोरावर. १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक टीव्हीवरून प्रौढांना लिहा-वाचायला शिकवत. तरी २०१५ च्या सरकारी पाहणीत घरात मुख्यतः इटालियनच बोलणारे सुमारे ४६ टक्केच निघाले. ३२ टक्के इटालियन आणि बोली मिसळून बोलत होते, १४ टक्के मुख्यतः बोलीच. माझे विद्यार्थी वर्षभर शिकून नापोलीला उतरतात आणि फोन करतात, "मॅडम, हे काय बोलताहेत?" त्यांना मी हेच सांगते. तुमच्याशी ते इटालियन बोलतील, आपसात बोलतील ती दुसरीच.

शिवाय इटलीत अशी गावंही आहेत जिथे घरची भाषा इटालियनच्या जवळचीही नाही. १९९९ च्या ४८२ क्रमांकाच्या कायद्यानं बारा अल्पसंख्य भाषा मान्य केल्या, आणि त्याच कायद्यात इटालियन ही देशाची अधिकृत भाषा असल्याचं स्पष्ट लिहिलं गेलं. यातला सर्वांत ठळक प्रदेश आल्तो आदिजे, म्हणजे दक्षिण तिरोल. तिथे २०११ मध्ये ६९ टक्के लोकांनी जर्मन, २६ टक्क्यांनी इटालियन आणि साडेचार टक्क्यांनी लादिन (तिथल्या डोंगरी खोऱ्यांतली छोटी भाषा) हा आपला भाषागट सांगितला. सरकारी नोकऱ्या त्या प्रमाणात वाटल्या जातात आणि नोकरीसाठी दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते. बोल्झानो शहर त्यातल्या त्यात इटालियनबहुल. तिथून वरच्या खोऱ्यांत गेलात की दुकानात 'बोंजोर्नो' म्हटलं तरी उत्तर जर्मन ढंगाचं येतं.

कर्नाटकाचं आतलं चित्र याहून रंगीत आहे. राज्यात कन्नड मातृभाषा असलेले साधारण दोन तृतीयांश. उरलेल्यांत उर्दू सुमारे ११ टक्के, मग तेलुगू, तमिळ, मराठी, तुळू, कोकणी, कोडगू (कूर्गची भाषा). बंगळुरूत तर कन्नड मातृभाषा असलेले निम्म्याहून कमी. मुंबईच्या उडुपी हॉटेलातल्या शेट्टी मालकांना आपण सर्रास 'कानडी' म्हणतो, पण त्यांच्या घरची भाषा बहुतेकदा तुळू असते. कन्नड त्यांची शाळेची आणि लिहिण्याची भाषा. तुळू, कोडगू आणि कर्नाटकातली कोकणी यांचं लेखन बरंचसं कन्नड लिपीतच होतं.

कन्नडचं खरं सामर्थ्य मला इथेच दिसतं. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे धारवाडचे, घरची भाषा मराठी, आणि कन्नड कवितेसाठी त्यांना ज्ञानपीठ मिळालं. मास्ती वेंकटेश अय्यंगार तमिळभाषक घरातले, गिरीश कार्नाड कोकणी घरातले आणि जन्म आपल्या माथेरानचा. दोघांनाही ज्ञानपीठ कन्नडसाठीच. आज केरळात असलेल्या मंजेश्वरचे गोविंद पै हे कन्नडचे राष्ट्रकवी, तेही कोकणीभाषक. इटालियनलाही हे नवीन नाही: ऑस्ट्रियाच्या राज्यातल्या त्रिएस्तेत वाढलेल्या, जर्मन शाळेत शिकलेल्या इतालो झ्वेव्होनं कादंबऱ्या इटालियनमध्येच लिहिल्या. पण कन्नडइतकी सलग परंपरा मला तिथे दिसत नाही. भाषा कुठे बोलतात हे मोजताना, ती मातृभाषा नसूनही जे तिच्यात लिहितात-वाचतात, त्यांना वगळलंत तर हिशेब चुकेल.

दोघींमधला मोठा फरक आहे तो सरहद्दीपलीकडे. पलीकडच्या माणसाला त्या भाषेचा किती हक्क मिळतो, यात फार तफावत आहे.

स्वित्झर्लंडमध्ये इटालियन बोलणारे लोकसंख्येच्या जेमतेम आठ टक्के, पण ती देशाच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे आणि तिचीनोचा सगळा कारभार तिच्यातच चालतो. सेंट मॉरिट्झहून तिरानोला जाणारी बर्निना रेल्वे घाट चढते तेव्हा आजूबाजूला जर्मन आणि रोमान्श (स्वित्झर्लंडची चौथी, छोटी भाषा) असते. माथा ओलांडून गाडी उतरायला लागली की कावाल्या, पोस्कियावो, ले प्रेझे, मिरालागो अशी स्टेशनं येतात आणि दुकानाच्या पाट्यांपासून मुलांच्या आरडाओरड्यापर्यंत सगळं इटालियन होतं. इटलीची हद्द मात्र त्यानंतर बऱ्याच उताराखाली लागते.

स्लोव्हेनियाचं उदाहरण मी वर्गात नेहमी देते. तिथे २००२ च्या जनगणनेत स्वतःला इटालियन म्हणवणारे होते सुमारे २,२५०. एका बऱ्यापैकी खेड्याएवढी माणसं! त्यांच्यासाठी कोपर, इझोला, पिरान आणि अंकारान या चार नगरपालिकांत रस्त्याच्या पाट्या आणि ओळखपत्रं दोन्ही भाषांत आहेत, इटालियन शाळा आहेत, आणि देशाच्या संसदेत त्यांच्या समाजाची एक जागा राज्यघटनेनंच राखून ठेवली आहे. याला दुःखाची बाजूही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हा मुलूख युगोस्लाव्हियाकडे गेला तेव्हा इस्त्रियातून इटालियन भाषकांचे लोंढे बाहेर पडले. आज कायद्यानं जपलेली आहेत ती मागे राहिलेली थोडी माणसं.

महाराष्ट्रात कन्नड मातृभाषा असलेले २०११ मध्ये सुमारे १० लाख होते. दुधनीच्या बाजारात तुरीचा सौदा कन्नडमध्ये ठरतो आणि पावती मराठीत फाटते. अक्कलकोटच्या स्टँडवर एसटीची पाटी मराठी, शेजारी उभ्या कर्नाटकच्या गाडीची कन्नड, आणि म्हाताऱ्या बायका दोन्ही न वाचता कंडक्टरला विचारून बरोबर गाडीत चढतात. जत, अक्कलकोटकडे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि त्यांच्यासाठी बालभारती कन्नडमध्ये पाठ्यपुस्तकं छापते. ही गोष्ट पुण्या-मुंबईत फारशी कोणाला माहीत नसते, आणि मला तिचा मनापासून अभिमान आहे. राज्यघटनेचं कलम ३५० (क) प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतं. ती सोय इथे खरोखर झाली. पण त्यापुढे काय? तहसील कचेरीतला अर्ज, सातबारा, नोकरीची परीक्षा, सगळीकडे मराठी लागते. म्हणून आमच्याकडचे पालक मुलांना आता मराठी किंवा इंग्रजी शाळेत घालतात. कन्नड घरात, देवळात आणि बाजारात उरते. बेळगाव-खानापूरचा मराठी माणूस हीच व्यथा उलट्या बाजूनं सांगेल.

बाकीच्या सीमा थोडक्यात सांगते. तमिळनाडूत होसूर आणि तालवाडी भाग. अभिनेते राजकुमार यांचं गाजनूर गाव तालवाडीकडचंच. आंध्रात अदोनी, मडकशिरा. तेलंगणात नारायणपेठेकडची गावं. निलगिरीतली बडग भाषा कन्नडच्या अगदी जवळची, पण तिला वेगळी मानणंच योग्य.

समुद्रापलीकडे मात्र इटालियनचं पारडं जड आहे, निदान वरवर पाहता. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख माणसं इटलीतून बाहेर पडली. अर्जेंटिना, ब्राझील, अमेरिका ही मुख्य ठिकाणं. पण ही माणसं निघाली तेव्हा त्यांना इटालियन कुठे येत होती? ती आपली बोली घेऊन गेली. ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात आजही बोलली जाते ती तालियान, मुळात व्हेनेतोची बोली. २०१४ मध्ये ब्राझीलनं तिला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मेक्सिकोतल्या चिपिलो गावातही १८८२ पासून व्हेनेतोचीच बोली. ब्वेनोस आयरेसमध्ये आडनावं इटालियन, स्पॅनिशचा हेलही इटालियन वळणाचा, पण भाषा स्पॅनिश. आफ्रिकेतल्या जुन्या वसाहतींत इटालियन झपाट्यानं ओसरली. सोमालियाच्या विद्यापीठात १९९१ पर्यंत बरेच विषय तिच्यातून शिकवत, मग यादवीत सगळंच कोलमडलं. एरिट्रियाच्या अस्मारात वयस्क माणसांना ती येते. माल्टात १९३४ पर्यंत ती अधिकृत होती. पुढे दर्जा गेला, तरी इटालियन टीव्हीमुळे बऱ्याच जणांना समजते.

कन्नड माणूस परदेशी गेला तो बराच नंतर, आखाती देशांत आणि अमेरिकेत, शिकून-सवरून. त्यामुळे कन्नडची अशी जुनी वसाहत कुठे नाही. संघ आहेत, रविवारच्या शाळा आहेत, राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, साजरा होतो. पुढच्या पिढीत ती किती टिकेल, हे घराघरावर अवलंबून.

आता तुम्ही शिकायचं काय? इटलीत शिक्षण किंवा नोकरी हवी असेल तर इटालियन शिका आणि सिएनाच्या विद्यापीठाची 'चिल्स' किंवा पेरुजाची 'चेली' परीक्षा द्या. विद्यापीठात इटालियनमधून शिकायचं तर साधारण बी-२ (युरोपीय मापातली मध्यमच्या वरची) पातळी लागते. पण 'स्वित्झर्लंडमध्येही चालते' या भरवशावर झुरिकला नोकरी शोधू नका. तिथे जर्मन लागते. इटालियन चालेल ती लुगानो, बेल्लिंझोना भागात. बंगळुरू, हुबळी, कलबुर्गी इकडे काम करायचं असेल तर कन्नड शिका. बंगळुरूच्या कार्यालयात इंग्रजीवर भागेल, पण हुबळीच्या बाजारात आणि कलबुर्गीच्या कचेरीत नाही. मराठी माणसाला तिची वर्णमाला ओळखीची वाटते, कारण अक्षरांचा क्रम आपलाच आहे. व्याकरण मात्र द्राविडी, तिथे वेळ द्यावा लागतो. सांगलीत राहून सरावाला माणसं कुठून आणायची, ही अडचण तुम्हाला नाही. मिरजेच्या दवाखान्यांत रोज कर्नाटकातले रुग्ण येतात, बऱ्याच पाट्या दोन्ही भाषांत आहेत. लिपी शिकलात की तिथूनच वाचायला सुरुवात करा. आणि कानावर पडेल ती उत्तरेकडची कन्नड असेल, मराठी शब्दांनी भरलेली. पुस्तकातली म्हैसूरकडची भाषा तिच्याशी जुळली नाही तर गोंधळू नका, दोन्ही बरोबरच आहेत.